नळीचा दगड

काकड्या वरठा विहिरी खणायचा. तलासरी आणि डहाणू तालुक्यांतल्या पाड्यांवर त्याने चव्वेचाळीस विहिरी खणल्या. मोजून चव्वेचाळीस. त्यांतल्या दोन कोरड्या निघाल्या. त्या दोन्ही कुठल्या, हे तो कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायचा. मागून टोमणा ऐकण्यापेक्षा ते बरं.

चौदाव्या वर्षी तो वडारांच्या टोळीत घमेली वर ओढायला लागला. दिवसाला दीडशे घमेली. तीन वर्षांनी हातात घण आला. पस्तिशीत सुरुंगाने डावा कान नेला. उजवा राहिला, आणि तेवढा त्याला पुरला, कारण तो दगड कानाने ओळखायचा. घाव टणकन परत आला तर काळा पाषाण. घाव आतल्या आत जिरला तर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पोटात पांढरे खडे भरलेला दगड. पाषाण फुटायला वेळ लावतो, पण फुटला की आरपार फुटतो. मांजऱ्या दिसतो मऊ, पण घाव खातो. चीर सुरू झाली की पुढच्या भोकात जाऊन मरते. नवख्या माणसाला मांजऱ्या सोपा वाटतो आणि संध्याकाळी त्याचे खांदे उतरलेले असतात.

तिसरा दगड नळीचा. पाषाणाचा थर संपत आला की शेवटच्या दीड-दोन फुटांत बोटाएवढ्या नळ्या लागतात, उभ्या, शेजारी शेजारी. कुणी तरी गिरमिटाने पाडाव्यात तशा. त्या दिसल्या की टोळी बिड्या पेटवायची. कारण नळ्यांच्या खाली गेरू, म्हणजे लाल भाजक्या मातीचा थर, आणि गेरूत पाणी.

गेरू पहारीने सुटतो. म्हणून काकड्या त्या थरात विहिरीच्या चारी बाजूंनी दोन-दोन फूट आत कोरून घ्यायचा. वर बारा फुटांची विहीर, तळाला सोळा फुटांची. पाणी जास्त साठायचं आणि पाषाणाला घण लावावा लागायचा नाही. दुसरे कुणी असं करत नसत. लोक म्हणत, काकड्याच्या विहिरीला पोट असतं. त्याला ते आवडायचं.

मग दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. एकदा हलली असती तर लोक विसरले असते. ती हलतच राहिली. कधी दिवसातून चार वेळा, कधी महिनाभर गप्प. आधी आवाज यायचा, ट्रकचा टायर फुटल्यासारखा, आणि मग भांडी वाजायची. पक्क्या घरांच्या भिंती चिरल्या. लोक अंगणात झोपू लागले. काकड्याचं घर कुडाचं होतं, कारवीचं, शेणामातीने लिंपलेलं. तो आतच झोपायचा. म्हणायचा, "हे घर डोक्यावर पडलं तर केस विस्कटतील."

"ते तरी कुठे राहिलेत," त्याची बायको शुक्री म्हणायची.

तो राहायचा त्या खडकपाड्याची विहीर त्याने स्वतःच्या टोळीने खणलेली पहिली. अठ्ठावीस फूट. चैत्र-वैशाखात सगळा पाडा तिच्यावर. हादरे सुरू झाल्यानंतरही ती आटली नाही, गढूळ झाली नाही. काकड्या साठीला आला, घण खाली ठेवला, आणि रोज सकाळी एकदा त्या विहिरीत डोकावून यायचं एवढंच काम राहिलं.

त्या विहिरीसाठीच मयूरी आली. ती झाईची, चिकूच्या वाडीवाल्यांची मुलगी, मुंबईत दगडांचा अभ्यास करणारी. स्कूटरवरून आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या विहिरीत नळ्या आहेत म्हणे."

"आहेत. तुला काय करायच्या?"

"मोजायच्या आहेत."

शुक्रीला वेगळी काळजी होती. पाड्यावर बोलणं पसरलं होतं की खाली आग उकळते आहे आणि एक दिवस वर येणार. तिने मयूरीला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं.

"नाही येणार, मावशी. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. हे हादरे वेगळ्या कारणाने येतात, ते शोधणारे लोक वेगळे आहेत. मी फक्त जुन्या दगडातले फुगे बघते."

शुक्रीचा भाऊ रघ्या दाराशी बसला होता. तीस वर्षं तो काकड्याच्या टोळीत होता आणि तीस वर्षं त्याचं तोंड घणापेक्षा जास्त चाललं होतं. तो म्हणाला, "फुगे मोजायचे पैसे देतात? मी रोज ताडीतले मोजतो, मला कोण विचारत नाय."

मयूरी हसली. "दगड पातळ होता तेव्हा त्यात वाफेचे, वायूचे फुगे होते. त्या फुग्यांनी त्याला वाहायला मदत केली की अडवलं, ते मला बघायचंय. फुगे बारीक आणि गोल राहिले तर अडवतात. लाव्हा जड होतो. वाहताना ताणले जाऊन लांबट झाले तर उलटं होतं, लाव्हा सैल होतो, घसरत पुढे जातो. म्हणजे एकाच फुग्याची दोन कामं."

"मग असं सांग ना," शुक्री म्हणाली. "नाचणीची आंबील फसफसली की डाव जड चालतो. तीच जोरात घोटली की सैल पडते."

मयूरीने वही काढून ते लिहून घेतलं. रघ्या म्हणाला, "बघा भावजी, बहीण शास्त्रज्ञ झाली."

"आणि नळ्या?" काकड्याने विचारलं. हे त्याला खरंच हवं होतं. चव्वेचाळीस विहिरींत बघितलं होतं, पण कुणी सांगितलं नव्हतं.

"खालची जमीन ओली असणार. वरून तापलेला लाव्हा आला, पाण्याची वाफ झाली. ती लाव्ह्यात शिरून वर चढायला लागली. ती चढते आहे तोवर लाव्हा पुढे सरकतो आहे. म्हणून नळीचं वरचं टोक पुढच्या बाजूला कलतं. मग सगळं थिजलं. वाफ होती तिथे राहिली."

"म्हणजे नळी कुठे कलली ते बघितलं की दगड कुठे चालला होता ते कळतं."

"तेच बघायला आले."

"मावळतीला," काकड्या म्हणाला. "या विहिरीत सगळ्या मावळतीला कललेल्या आहेत. आणि दोन नळ्या कुठे एक झाल्या असतील तर बेचकीची दोन टोकं खाली असतात. वर जाऊन एक होतात. उलटी बेचकी मी पाहिली नाय."

मयूरीने विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? तिथे दिवसभर तोंडासमोर दुसरं काय असतं?"

फाल्गुन संपता संपता पाणी खाली गेलं. एका मंगळवारी सकाळी डिझेल इंजिन लावून विहीर उपसली. दोन तासांत तळ दिसला. काकड्याने चिमूटभर तांदूळ धरतरीला टाकले आणि शिडीने उतरला. मागून रघ्या आणि मयूरी. मयूरीने उत्तरेच्या बाजूच्या नळ्या मोजल्या, होकायंत्र लावलं. सगळ्या मावळतीला. काकड्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

अकराच्या सुमाराला इंजिन हवा ओढू लागलं. विहिरीच्या तळाला पंपाच्या पाइपासाठी एक खळगा होता, फूटभर खोल. पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत गाळ अडकला होता. काकड्या खाली बसला, डावा पाय खळग्यात सोडला आणि हाताने गाळ काढू लागला.

आवाज आला. टायर फुटल्याचा. मग तळ हलला.

रघ्याने मयूरीला ओढून शिडीशी दाबलं. उत्तरेच्या बाजूने काही सुटलं. पडलं. लाल धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा काकड्या होता तिथेच बसलेला होता आणि त्याच्या डाव्या पोटरीवर दगड होता.

ओरडला नाही. पहिल्या मिनिटात त्याने दगड मोजला. चार फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट जाड. चौदा क्विंटल. पाय तुटला नव्हता, कारण खळग्याच्या काठांनी दगड पेलला होता. पण घोट्याच्या वर काठ आणि दगड यांच्यामध्ये पाय चेपला होता. बोटं हलत होती. पाय निघत नव्हता. पाइपाचं तोंड दगडाखाली चुरडलं होतं.

"इंजिन बंद करा," तो म्हणाला. "नुसतं ओरडतंय."

इंजिन बंद झाल्यावर दुसरा आवाज ऐकू आला. गेरूतून पाणी झिरपत होतं, चारी बाजूंनी. हे पाणी त्याने बत्तीस वर्षांपूर्वी मोजलं होतं. तासाला एक वीत. बसलेल्या माणसाची हनुवटी तळापासून तीन विती. उभं राहता येत नव्हतं.

मयूरी वर जाऊन रेंज शोधून फोन करून आली. "डहाणूहून गाडी निघतेय. पण आज तीन ठिकाणचे फोन आलेत म्हणे. दोन-अडीच तास."

"रस्त्यापासून पाड्यापर्यंत गाडी येत नाय," रघ्या म्हणाला. "सामान डोक्यावर आणावं लागेल. अजून अर्धा तास."

 बेरीज सगळ्यांना येत होती.

पाड्यावरच्या बायका जमल्या. तीन दोर सोडले, बादल्या चालू झाल्या. वरून शुक्रीचा आवाज आला, "डोकऱ्या, जिवंत आहेस?"

"बादली भर, बोलू नको."

"जिवंत आहे," तिने सगळ्यांना सांगितलं.

बायकांनी उपसल्यामुळे पाणी तासाला जेमतेम बोटभर कमी चढू लागलं. थांबलं नाही.

रघ्याने पहार घातली. वरून पाड्यातले मनिष आणि दिपक उतरले, तेही पहारींना लागले. तिघांनी जोर लावला. दगडाची पायाकडची बाजू केसभर उचलली आणि दुसरी बाजू वर कशाला तरी आपटली. माथ्यावरून खडी सांडली.

"थांबा."

काकड्याने मान वळवून पाहिलं. दगडाचं लांबचं टोक मावळतीकडच्या भिंतीत गेलं होतं. त्याने स्वतः कोरलेल्या पोटात. वर पाषाण लोंबत होता, खाली आधार नव्हता, आणि दगडाचं टोक त्या लोंबणाऱ्या पाषाणाखाली पाचरीसारखं बसलं होतं. पायाकडून उचललं की तिकडून वरच्याला धक्का. आणखी एक-दोन धक्के बसले असते तर वरचाही आला असता, मग कुणीच उरलं नसतं.

बत्तीस वर्षांपूर्वी गेरू कोरून त्याने तीन दिवसांचे घाव वाचवले होते. ते आता त्याच्या पोटरीवर होते.

पाणी कमरेला लागलं. थंड होतं. उजव्या पायात गोळा येऊन तो वळला. वळलेला पाय सरळ करायला जागा नव्हती. बसल्या जागी मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि वाट पाहिली. डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. खाज सुटली तीही अशा जागी की हात पोचेना. वर बारा फुटांचं गोल आभाळ, त्यात बायकांची डोकी. इतक्या वर्षांत इतका वेळ तो विहिरीच्या तळाशी काम न करता कधी बसला नव्हता.

हात रिकामे होते म्हणून त्याने दगड चाचपला. बोट भोकात गेलं. शेजारी दुसरं. त्याच्या शेजारी तिसरं. दगडाच्या रुंदीवर एका ओळीत सात नळ्या, पाच-पाच बोटांच्या अंतराने, दगडाच्या मधोमध.

"रघ्या. माझ्या पाचरी आण. सातही."

रघ्याने ओळ पाहिली आणि त्याला कळलं. पाषाणाचा ठोकळा फोडायचा तर ओळीने भोकं पाडावी लागतात, भोकांत पाचरी घालून आळीपाळीने ठोकाव्या लागतात. सात भोकं पाडायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो. इथे ते काम वाफेने करून ठेवलं होतं.

"भावजी, साडेसहा कोटी वर्षांची आगाऊ मजुरी."

"कमी बोल. चीर कशी जाईल बघ."

चीर नळीच्या अंगाने जाणार होती. नळी कललेली, म्हणून चीरही कलती. हे सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि काकड्याने ते तिघांना समजावून सांगितलं. दगड फुटल्यावर दोन तुकडे होतील. भिंतीकडचा अडकलेला, आणि पायावरचा. चीर वरून भिंतीकडे कललेली असेल तर पायावरचा तुकडा डब्याच्या झाकणासारखा वर उचलता येतो. चीर उलटी, वरून पायाकडे कललेली असेल तर पायावरचा तुकडा दुसऱ्याच्या काखेत जातो. मग फुटताक्षणी भिंतीकडच्याचा भारही पायावर.

"नळ्या मावळतीला कलतात," काकड्या म्हणाला. "दगडाचं भिंतीतलं टोक मावळतीला आहे. म्हणजे झाकण. ठोक."

रघ्याने पाचरी बसवल्या. एकेकीला तीन घाव, मग पुढची. सातवीनंतर परत पहिली. काकड्या घाव मोजत होता. एकवीस घावांची एक फेरी. पहिल्या दोन फेऱ्यांत पाचरी नुसत्या बसल्या. तिसऱ्या फेरीत आवाज वर चढला. रघ्याचं वय छपन्न. चौथ्या फेरीला त्याने घण मनिषला दिला.

"तिसरीला जास्त मारलंस," काकड्या म्हणाला.

"नाय मारलं, काका."

"चार मारलेस. पुढच्या फेरीत तिला दोन."

मयूरी गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकून दगडाची बाजू बॅटरीने बघत होती. दगड तुटला होता तिथे त्याच्या कडेला आणखी नळ्या उभ्या चिरून उघड्या पडल्या होत्या. सहावी फेरी चालू होणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. काका, इथे बेचकी आहे. तिची दोन टोकं वर आहेत."

"नसणार."

"वर आहेत."

"पोरी, छताचा दगड सुटतो तो सपाट येतो. जसा होता तसा. चाळीस वर्षं बघतोय. ठोक रे."

मनिषने घण उचलला. मयूरी दगडावर हात ठेवून उभी राहिली. "हाताने बघा. तुमचा हात इथे पोचतो. बघा आणि मग मला ओरडा."

रघ्याने मनिषच्या घणाचा दांडा धरला. "बघ भावजी. हात लावायला काय जातं?"

काकड्याने पाण्याखालून हात घातला. कडेच्या नळीत बोट ठेवलं आणि वर सरकवलं. एक नळी. वर जाऊन तिच्या दोन झाल्या. परत खाली आणलं. परत वर. दोन झाल्या. उलटी बेचकी त्याने पाहिली नव्हती. उलटी बेचकी म्हणजे उलटा दगड.

उत्तरेच्या भिंतीवरून सुटताना तो सपाट आला नव्हता. विहिरीकडे तोंड करून कोलांटी मारून आला होता. त्यामुळे वरचं खाली गेलं आणि कल फिरला. चीर वरून पायाकडे जाणार होती. दगड काखेत घेणार होता. पाच फेऱ्या, शंभराहून जास्त घाव, सगळे त्याच्या पायावर भार आणण्यासाठी मारले होते. आणि ते मोजलेही त्यानेच होते.

पाणी छातीच्या खाली दोन बोटं होतं.

"उलटा पडलाय," तो म्हणाला. "मी चुकलो."

रघ्याने घणाचा दांडा सोडला. 

"पाचरी काढू?" मनिषने विचारलं.

"आता निघत नाहीत. असू दे. फोडायचाच, पण आधी भिंतीकडच्या अर्ध्याखाली आधार द्यायचा. फुटल्यावर तो जागेवर राहिला पाहिजे. मग पायावरचा तुकडा उचलायचा नाही. उचलायला गेलात तर काखेत अडकेल. तो सरकवायचा. जात्याखालून फडकं ओढतात तसा, उगवतीला."

"माणूस खाली असताना?"

"माणूस सालटी देईल."

आधाराला खाली काही नव्हतं. गेरू पाण्यात विरघळत होता. तळाला पडलेले मांजऱ्याचे तुकडे भाराखाली कसेही निसटले असते. काकड्याने वर हाक मारली, "शुक्री, सागाचं काय आहे घरात?"

"उखळ आहे."

"आण."

"आईचं आहे ते."

"तुझी आई मला कधीच आवडली नाय. उखळ आण."

बायका हसल्या. शुक्री हसली नाही. ती पळत होती. शेजारच्या बुधीबाईने तिच्याकडचे खाटेचे दोन जाड खूर दिले. दोराला बांधून सगळं खाली आलं. उखळ आडवं करून रघ्या पाण्यात पालथा झाला आणि भिंतीच्या पोटात, लोंबणाऱ्या पाषाणाखाली सरपटत शिरला. त्याच्या अंगावर वर काय होतं ते त्याला माहीत होतं. त्याने उखळ दगडाच्या टोकाखाली सरकवलं, दोन्ही खूर दोन बाजूंनी ठोकून घट्ट केले. अर्धा तास लागला. या अर्ध्या तासात पाणी छातीच्या वर आलं.

काकड्याला थंडी भरली. दात वाजायला लागले. मयूरी त्याच्या शेजारी पाण्यात बसली, त्याच्या पाठीला पाठ लावून, म्हणजे त्याला टेकायला मिळावं.

"पोरी, एक सांग. ती वाफ. ती वर निघून का नाय गेली?"

"वरचा लाव्हा जड झाला होता."

"कशामुळे?"

"थंड होत होता. आणि वर आधीच अडकलेल्या फुग्यांमुळे."

"म्हणजे पुढच्यांनी मागच्यांची वाट अडवली."

"तसंच."

"आमच्याकडे बसच्या दाराशी उभे राहतात तसे," रघ्या पाण्यातून डोकं वर काढत म्हणाला. चिखलाने तो लाल झाला होता. "आधार बसला, भावजी."

सहावी फेरी. सातवी. आठव्या फेरीला पाचव्या पाचरीवर घाव बसला आणि आवाज बदलला. इतका वेळ टणक होता तो आता फुटक्या मडक्यासारखा झाला. काकड्याने हात वर केला. सगळे थांबले. दगडाच्या आत काही तरी चालत गेलं, एका नळीकडून दुसरीकडे, आणि शेवटच्या नळीपाशी कडकन बोललं.

भिंतीकडचा अर्धा उखळावर बसला. उखळ करकरलं. टिकलं.

"आता पहारी. तिघांच्या. मी म्हणेन तेव्हा. एकदम जोर नको. सरकव... थांब. परत."

पहिल्या जोराला दगड बोटभर सरकला आणि काकड्याच्या तोंडून इतका वेळ न आलेला आवाज आला. वरून शुक्रीने हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही, कारण त्याच्या हनुवटीला पाणी लागलं होतं आणि तोंड बंद ठेवायला हवं होतं. मयूरीने मागून त्याच्या काखांत हात घालून त्याला वर धरलं. तो हाताने खुणा करत राहिला. चार बोटं वर, म्हणजे थांबा. मूठ आवळली, म्हणजे जोर. दुसरा जोर. तिसरा. चौथ्या जोराला पाय सुटला. कातडं दगडापाशी राहिलं.

तो मयूरीच्या अंगावर मागे पडला आणि दोघं पाण्याखाली गेली. रघ्याने दोघांना एकेका हाताने काढलं.

खाटेला दोर बांधून त्याला वर घेतलं. शुक्रीने पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पदर त्याच्या डोक्यावर फिरवून पाणी पुसलं. डहाणूची गाडी नुकतीच रस्त्यापर्यंत पोचली होती. तिथपर्यंत त्याला चौघांनी खाटेवरून नेलं. पूर्ण वाटेने तो गावांची नावं घेत होता. लोकांना वाटलं भ्रम झाला. मयूरीला कळलं. ती वही काढून शेजारून चालत लिहीत होती. पोट कोरलेल्या विहिरी. बेचाळीस.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. घोट्यात लोखंड घातलं. सहा आठवड्यांनी तो काठीवर उभा राहिला आणि पहिल्यांदा बुधीबाईच्या माहेरच्या पाड्यावर गेला, कारण तिथली विहीर सगळ्यांत उथळ आणि पोट सगळ्यांत मोठं. रघ्या बरोबर होता. वैशाख लागला होता. बायका शिडीने तळाशी उतरून तांब्याने हंडे भरत होत्या. लोंबत्या पाषाणाखाली वाकून, कारण निवळ पाणी तिथेच होतं.

काकड्याने विहिरीच्या काठी उभं राहून सगळं सांगितलं. त्याने काय केलं होतं, का केलं होतं, काय होईल. पोटात खालून दगडी भिंत बांधून घ्यावी लागेल, पाण्याला फटी ठेवून. विहीर उपसावी लागेल. पंधरा दिवस.

गंगी नावाची म्हातारी हंडा खाली ठेवून म्हणाली, "उपसलीस तर आम्ही काय प्यायचं?"

काकड्या काठीवर टेकला.

"पावसानंतर ये."

"पावसानंतर भरलेली असेल."

"मग पुढच्या चैत्रात ये. इतकी वर्षं नाय पडलं ते."

"माझंही इतकी वर्षं नाय पडलं," काकड्या म्हणाला.

बायकांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. मग एक उतरली. तिच्या मागे दुसरी. दुपारचं पाणी हवं होतं आणि दुसरी विहीर दीड कोसावर होती.

तो काठावर बसला. मनावरचा हा दगड उपसून काढता येणारा नव्हता, फोडता येणारा नव्हता. बायका वर येईपर्यंत तो खाली बघत राहिला, प्रत्येकीवर. शेवटची वर आल्यावर त्याने काठी बाजूला ठेवली.

"रघ्या, न उपसता बांधू."

"पाण्यात?"

"गुडघाभर तर पाणी आहे. सकाळी बायका भरून गेल्या की उतरायचं, संध्याकाळी त्या यायच्या आत बाहेर. चुना नको, कोरडी रचायची. पाणी गढूळ होईल तेवढं निवळायला तीन तास सोडायचे."

"दुप्पट काम."

"दुप्पट नाय. अडीचपट."

रघ्याने खाली पाहिलं. "पाण्यात दगड हलका तरी लागतो."

"हलका लागतो. पण सांधा दिसत नाय."

"मग हाताने बघू," रघ्या म्हणाला आणि सदरा काढून शिडीवर पाय ठेवला.

काकड्या काठावरून दगड निवडून दोराने खाली सोडत राहिला. नळीचा एकही घेतला नाही. पहिल्या दिवशी उत्तरेच्या बाजूला दोन फूट भिंत झाली.